जाळ्यात आलेला खांब

देवगडजवळच्या एका गावातून सरपंचांचा फोन आला : ट्रॉलरच्या जाळ्यात देवळाचा खांब सापडलाय, लवकर या. मी पोचेपर्यंत खांबाला हळदकुंकू लागलं होतं, दुधाचा अभिषेक उरकला होता आणि 'समुद्रात बुडालेलं देऊळ' व्हॉट्सॅपवरून मालवणपर्यंत पोचलं होतं.

माणसाच्या उंचीचा चौकोनी दगड, एका टोकाकडे निमुळता. लांबून कुणीही खांबच म्हणेल. पण जाड टोकाकडे दोन चौकोनी आरपार भोकं होती, एकमेकांशी काटकोनात, आणि निमुळत्या टोकाला एक गोल. खांबाला असली भोकं कोण कशाला पाडेल? चौकोनी भोकांत लाकडी दांडे ठोकायचे, ते तळात रुतायचे. गोल भोकात दोर. गोल भोकाच्या आतून बोट फिरवलं, तर एकाच बाजूला कड गुळगुळीत झिजलेली.

हा इंडो-अरब धाटणीचा दगडी नांगर. इराणमधल्या सिराफला, ओमानला, आपल्याकडे बेट द्वारकेला असे नांगर मिळालेत. मध्ययुगात अरबी समुद्रात फिरणाऱ्या गलबतांचे.

"मगे ह्यो देवाचो नाय?" पुजारीबुवा हिरमुसले. मागून ट्रॉलर चालवणारा तांडेल म्हणाला, "मी तेव्हाच सांगलंय, पण आयकता कोण!"

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पूजेआधी पोरांनी कोयत्याने दगडावरची कालवं खरवडून काढली होती. ती एकाच अंगाला असती तर कुठली बाजू वाळूत पुरलेली होती हे कळलं असतं. चांगल्या मनाने केलेली सफाई आमच्या पुरातत्त्वाच्या कामाला फार महागात पडते. शिवाय दगड उन्हात ठेवलेला. आत मुरलेल्या खाऱ्या पाण्यातलं मीठ सुकताना फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून आधी तो गोड्या पाण्याच्या टाकीत घालायला लावला, पाणी बदलत राहायचं ठरलं.

एक नांगर मिळाला म्हणून तिथे जहाज बुडालं असं होत नाही. वादळात दोर कापून नांगर सोडून देत. एकाच जागी बरेच मिळाले, तर मात्र तिथे गलबतं उभी राहत असणार. त्यामुळे जागा कळायला हवी होती. तांडेलाने जीपीएसवर तो बिंदू राखून ठेवला होता, जाळं पुन्हा तिकडे जाऊ नये म्हणून. त्याच्या आसपास आणखी दोन खुणा होत्या.

"थंयसरय जाळा फाटलेली," तो म्हणाला.

तिन्ही बिंदू उतरवून घेतले. मे संपत आला होता. बुडी आता पावसाळ्यानंतरच.