एका स्तंभात न मावलेले क्रान्यचार

क्रोएशियाचे माजी फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक झ्लात्को क्रान्यचार यांचे १ मार्च २०२१ रोजी झाग्रेबमध्ये वयाच्या ६४व्या वर्षी निधन झाले. ती बातमी वृत्तसंस्थेकडून आली, तेव्हा मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात रात्रपाळीला होतो. इंग्लंडविरुद्धची अहमदाबाद कसोटी तोंडावर आली होती आणि पानावर जेमतेम एका स्तंभाची जागा उरली होती.

उपसंपादकाचे काम भाषांतराचे, असा अनेकांचा समज असतो. खरा कस लागतो तो पहिले वाक्य ठरवताना, कारण जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते आणि वरच्या दोन परिच्छेदांत जे आले नाही, ते छापून येईल याची शाश्वती नसते.

पान लावणाऱ्या वरिष्ठांना मथळ्यात ‘तीन पिवळी कार्डे’ हवी होती. २२ जून २००६ रोजी विश्वचषकात, स्टुटगार्टमध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध क्रोएशियाला विजय अनिवार्य होता. दुसऱ्या पिवळ्या कार्डाला खेळाडू बाहेर जातो; पण त्या सामन्यात क्रोएशियाच्या योसिप शिमुनिच यांना दाखवलेल्या दुसऱ्या कार्डाची नोंद पंच ग्रॅहम पोल यांनी ऑस्ट्रेलियाच्या क्रेग मूर यांच्या नावावर केली, कारण दोघांच्याही पाठीवर तीन हाच क्रमांक होता. परिणामी शिमुनिच मैदानावरच राहिले आणि तिसरे कार्ड मिळाल्यावर बाहेर गेले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला, क्रोएशिया स्पर्धेबाहेर पडला आणि प्रशिक्षक क्रान्यचार यांचे पद गेले. किस्सा रंजक आहे, पण तो पोल यांचा आहे. दुसऱ्याची चूक एखाद्याच्या मृत्युवार्तेचा मथळा व्हावी, हे मला तेव्हाही अनुचित वाटले आणि आजही वाटते.

मी सुरुवात केली ती १७ ऑक्टोबर १९९० पासून. क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर करायला अजून आठ महिने होते, फिफाची मान्यता तर त्याहून दूर होती, आणि तरीही झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानावर क्रोएशियाचा संघ अमेरिकेविरुद्ध उतरला. कर्णधार होते क्रान्यचार, वय ३३. दिनामो झाग्रेबला १९८२ मध्ये २४ वर्षांनी युगोस्लाव्ह विजेतेपद मिळाले, त्या संघाचे हे आघाडीवीर पुढे व्हिएन्नाच्या रॅपिड क्लबकडून १९८५च्या कप विनर्स कप या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही खेळले होते. अमेरिकेविरुद्धच्या २-१ अशा विजयातील एक गोल त्यांचा होता. जो देश नकाशावर यायचा होता, त्याच्यासाठी केलेला तो गोल होता.

तिसऱ्या परिच्छेदात मी प्रशिक्षक क्रान्यचार मांडले होते. विश्वचषकाची पात्रता फेरी त्यांच्या संघाने एकही सामना न गमावता पार केली. मुलगा निको याला संघात घेतल्याबद्दल त्यांना टीका सोसावी लागली. माझ्या मते मात्र त्यांचे सर्वांत मोठे काम २००२चे. क्रोएशियाची लीग १९९२ मध्ये सुरू झाल्यापासून विजेतेपद केवळ दिनामो आणि हायडुक या दोन क्लबांतच फिरत होते. ती मक्तेदारी दिनामोच्याच शहरातील एनके झाग्रेब या छोट्या क्लबने क्रान्यचार यांच्या मार्गदर्शनाखाली मोडली. त्या संघात २१ गोल करणारा इविका ओलिच हा तरुण होता.

पहिले वाक्य टिकले आणि मथळ्यात ‘आधुनिक क्रोएशियाचे पहिले कर्णधार’ आले. तिसरा परिच्छेद मात्र पूर्ण कापला गेला. मी वाद घातला, पण विश्वचषकापलीकडे प्रशिक्षकाला काही कर्तृत्व असते, हे आमच्या क्रीडापानांना पटवणे अवघड आहे. वरच्या दोन परिच्छेदांत गोल बसवल्यामुळेच प्रशिक्षक गेला का, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. दोन्ही एकाच स्तंभात कसे बसले असते, हे मी अजूनही कागदावर मांडून पाहतो.

त्याच महिन्याच्या अखेरीस ओलिच यांची मॉस्कोच्या सीएसकेए क्लबच्या प्रशिक्षकपदी नियुक्ती झाल्याची छोटी बातमी माझ्याकडे आली. तिच्या दुसऱ्याच वाक्यात मी क्रान्यचार आणि २००२ चे विजेतेपद घातले, आणि ते तसेच छापून आले.