डेब्रिज उचलण्याआधी

आगीच्या बातमीच्या शेवटी बहुधा एकच वाक्य असते: शॉर्ट सर्किटमुळे आग लागली असावी, असा प्राथमिक अंदाज आहे. हा अंदाज बातमीदाराला कोणीतरी सांगतो तेव्हा आत कूलिंग ऑपरेशन चालू असते, जिन्यावरून काळे पाणी वाहत असते आणि ज्या खोलीत आग लागली तिच्यात पाऊल ठेवण्याइतकी जमीनही निवलेली नसते. मी शिक्षणाने विद्युत अभियंता आहे आणि मुंबई-ठाणे परिसरात विमा सर्वेक्षकांसाठी आगीचे उगमस्थान व कारण शोधण्याचे काम करतो. हा अंदाज पुष्कळदा बरोबर ठरतो, हे मला मान्य आहे. परंतु बरोबर ठरतो तेव्हाही तो तपासातून आलेला नसतो. शॉर्ट सर्किट सर्वांच्या सोयीचे पडते. गाळामालक, भाडेकरू, सोसायटी, वायरमन यांपैकी कोणाकडेही त्यात थेट बोट दाखवावे लागत नाही आणि पंचनामा एका पानात आटोपतो.

आग विझल्यावर घटनास्थळी जी माणसे येतात, त्यांचे हेतू निरनिराळे असतात. आगीची वर्दी किती वाजता आली, पहिला बंब पोहोचला तेव्हा ज्वाळा कोणत्या खिडकीतून बाहेर येत होत्या, शटर बंद होते की उघडे, ही मोलाची माहिती अग्निशमन दलाच्या जवानांकडे असते. संशयास्पद काही आढळले नाही तर पोलीस अकस्मात जळिताची नोंद करतात. विजेचा संबंध दिसला तर विद्युत निरीक्षकांचे कार्यालय चौकशी करते, आणि नमुने घेतलेच तर ते सीलबंद होऊन कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. विम्याचा दावा दाखल झाल्यानंतर सर्वेक्षक येतो आणि त्याच्या मागून, प्रकरण मोठे किंवा वादाचे असेल तर, माझ्यासारखा माणूस. तोवर अर्धी जागा साफ झालेली असते.

या कामाचा क्रम ठरलेला आहे: आग कुठे लागली हे आधी, का लागली हे नंतर. उगमस्थान चुकले की पुढचे सारे चुकते, कारण मग चुकीच्या कोपऱ्यातली राख चाळली जाते. 29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिल परिसरात लागलेल्या आगीत 14 जणांचा मृत्यू झाला. गच्चीवरच्या ज्या रेस्टॉरंटमध्ये बहुतेक मृतदेह सापडले, त्याच्या मालकांवर पहिला गुन्हा दाखल झाला. मात्र अग्निशमन दलाच्या अहवालाने आगीचा उगम शेजारच्या रेस्टॉरंटमध्ये दाखवला आणि हुक्क्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या ठिणग्यांनी तिथले पडदे पेटले, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर त्या दुसऱ्या जागेच्या मालकांवरही कारवाई झाली. जिथे सर्वाधिक माणसे गेली आणि जिथे आग सुरू झाली, त्या दोन वेगळ्या जागा होत्या. जीवितहानीबाबत जे खरे, ते जळण्याच्या तीव्रतेबाबतही खरे असते.

पेटलेली वस्तू भिंतीलगत असेल तर भिंतीवर व्ही आकाराचा डाग उमटतो आणि त्याचे खालचे टोक उगमाकडे बोट दाखवते, हे पहिल्या धड्यातले ज्ञान आहे. ते आग लहान असेपर्यंतच उपयोगी पडते. बंद खोलीत छताखाली साचलेल्या धुराचे तापमान 600 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की त्याच्या उष्णतेने खोलीतल्या बाकीच्या वस्तू जवळजवळ एकदमच पेट घेतात. या अवस्थेला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर सर्वाधिक जळते ते हवा मिळते तिथे, म्हणजे दारापाशी, फुटलेल्या खिडकीपाशी किंवा जवानांनी कापलेल्या शटरपाशी. 2005 साली लास वेगासजवळ अमेरिकी तपास यंत्रणेने दोन खोल्या पेटवून फ्लॅशओव्हरनंतर सुमारे दोन मिनिटे जळू दिल्या आणि 53 तपासनिसांना आग खोलीच्या कोणत्या चतुर्थांशात सुरू झाली ते विचारले. दोन्ही खोल्यांच्या बाबतीत अचूक उत्तर देणारे प्रत्येकी तिघेच होते. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी तेरा-चौदा जणांचे उत्तर बरोबर आले असते.

कुर्ल्याच्या एका औद्योगिक वसाहतीतला गाळा या संदर्भात सांगण्यासारखा आहे. त्यात पॅकिंगचा फोम आणि बबल शीट ठासून भरलेले होते. शटरच्या आतल्या बाजूला मेन बोर्ड होता, त्याच्याभोवतीचे प्लास्टर गळून विटा उघड्या पडल्या होत्या आणि पंचनाम्यात ‘मेन बोर्डमध्ये शॉर्ट सर्किट’ असे नोंदवलेले होते. बोर्डाशी आलेल्या सर्व तारा मी उतरवून घेतल्या, ब्रशने साफ केल्या आणि भिंगाखाली इंच-इंच पाहिल्या. इन्सुलेशन पूर्ण गेले होते, तांबे काळवंडून ठिसूळ झाले होते, पण एकाही तारेला मणी नव्हता.

हा मणी म्हणजे काय, ते सांगायला हवे. तांबे 1085 अंशांना वितळते. दोन तारांमध्ये विजेचा आर्क होतो, म्हणजे वीज ठिणगीसारखी हवेतून उडी घेते, तेव्हा तेवढ्याच एका बिंदूवर तापमान याच्या कितीतरी पुढे जाते. तिथले तांबे वितळून गुळगुळीत गोल थेंब होतो आणि त्याला लागून असलेली तार जशीच्या तशी राहते, मूळच्या रेघांसकट. सीमारेषा इतकी स्पष्ट असते की नख फिरवले तरी कळते. आगीच्या उष्णतेने वितळलेली तार वेगळी दिसते: ती बऱ्याच लांबीपर्यंत हळूहळू बारीक होत जाते, मध्येच ओघळते, फुगते. यातही फसगत होऊ शकते. 660 अंशांना वितळणारे ॲल्युमिनियम वरून तांब्यावर ठिबकले तर दोहोंचा मिश्रधातू होतो, तो तांब्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळतो आणि आर्कसारखा खड्डा तयार करतो. शिवाय खरा मणी सापडला तरी त्याचा अर्थ एवढाच की त्या ठिकाणी इन्सुलेशन गेले तेव्हा तारेत वीज होती. त्या आर्कने आग लावली की आगीने इन्सुलेशन जाळून आर्क घडवला, याचे उत्तर मणी एकट्याने देत नाही.

परंतु आग कुठून कुठे गेली हे ठरवायला तो पुष्कळ मदत करतो. त्या गाळ्यात मणी सापडले ते मागच्या बाजूच्या पोटमाळ्यावर, एक्स्टेन्शन बोर्डाच्या दोन पदरी तारेवर, म्हणजे मेन बोर्डापासून सर्वांत दूरच्या टोकाला. आग आधी मेन बोर्डाशी पोहोचली असती तर तिथे पुरवठा तुटला असता आणि माळ्यावरची तार मृत झाली असती. मृत तारेत आर्क होत नाही. म्हणजे आग माळ्यावर आधी होती आणि बोर्डापाशी ती वीज गेल्यानंतर आली. बोर्डाजवळचा भयंकर जाळ शटर कापल्यावर मिळालेल्या हवेचा होता. समोरच्या गाळ्याच्या सीसीटीव्हीत पहिला धूर मागच्या झडपेतून निघताना दिसला, तेव्हा या म्हणण्याला दुसरा आधार मिळाला.

कारणाच्या बाबतीत मात्र मी माळ्यावरच्या एका टेबलापाशीच थांबलो. टेबलाच्या जागी मोबाइल चार्जरचे अवशेष होते आणि पत्र्याचा ॲशट्रेही होता. दोन्ही शक्यता जिवंत राहिल्या, एकही पुराव्याने बाद होईना. म्हणून अहवालात ‘उगमस्थान निश्चित, कारण अनिश्चित’ असे लिहिले. सर्वेक्षक म्हणाले, “साहेब, दोनातलं एक काहीतरी लिहा ना, फाइल क्लोज करायची आहे.” मी लिहिले नाही. एनएफपीए 921 ही अमेरिकी मार्गदर्शिका जगभरच्या तपासनिसांच्या हाताशी असते; दुसरे काही सापडले नाही म्हणून अमुकच कारण असले पाहिजे, अशा तर्कपद्धतीला तिने 2011 च्या आवृत्तीपासून अशास्त्रीय ठरवले आहे. तिथे या तर्काचा फटका निरपराध माणसांना बसत असे, कारण ‘दुसरे काही नाही म्हणून आग लावलीच असणार’ असे म्हटले जाई. आपल्याकडे तोच तर्क ‘गॅस नाही, दिवा नाही, म्हणून शॉर्ट सर्किट’ या रूपात नांदतो. देवघरातली पेटती वात उंदराने ओढून नेली, हे कारणही मला अधूनमधून ऐकवले जाते. ते अशक्य नाही, पण उंदीर आणि वात दोन्ही पुराव्यादाखल उरत नाहीत.

आग मुद्दाम लावल्याचा संशय असेल तेव्हा नमुन्यांचा प्रश्न येतो आणि तिथे हमखास घोळ होतो. रॉकेलचा संशय असलेले चटईचे तुकडे साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरले जातात. तिच्यातून बाष्प हळूहळू निसटते. रंगाचा कोरा, न वापरलेला पत्र्याचा डबा घट्ट झाकण लावून वापरला तर खर्चही फारसा येत नाही. त्याच चटईचा न पेटलेल्या कोपऱ्यातला तुकडाही तुलनेसाठी पाठवावा लागतो, कारण फोम आणि कृत्रिम धाग्यांचे गालिचे जळताना स्वतःच पेट्रोलजन्य वाटतील अशी संयुगे सोडतात. हा दुसरा डबा बहुतेक वेळा नसतोच.

कारण ठाऊक नाही असे लिहिल्यास दावा बुडेल, ही भीती लोकांच्या मनात असते आणि घाईने ‘शॉर्ट सर्किट’ लिहून घेण्यामागे तीच असते. ती बव्हंशी निराधार आहे. प्रचलित अग्निविमा पॉलिसीत शॉर्ट सर्किटने बिघडलेले ते विशिष्ट उपकरण वगळलेले असते; त्यातून लागलेल्या आगीने झालेले बाकीचे नुकसान वगळलेले नसते. विमाधारकाने स्वतः आग लावलेली नसेल तर ती शॉर्ट सर्किटने लागली की अन्य कशाने, हे महत्त्वाचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या एका निकालातही म्हटले आहे. कारणाची खरी गरज इतरांना असते: शेजारच्या गाळेवाल्याला, ज्याचे नुकसान दुसऱ्याच्या आगीत झाले, आणि त्याच बनावटीचा चार्जर रात्रभर लावून झोपणाऱ्यांना.

त्यामुळे एखाद्या सोसायटीच्या किंवा वसाहतीच्या सेक्रेटरीने मला विचारले तर मी वायरिंगच्या आधी डेब्रिजबद्दल, म्हणजे जळलेल्या ढिगाऱ्याबद्दल, बोलतो. डंपर बोलावण्यापूर्वी मीटर केबिनला कुलूप लावावे. बोर्डावरचे एमसीबी, म्हणजे बिघाड होताच आपोआप पडणारे स्विच, वर-खाली करून पाहू नयेत, कारण कोणता ट्रिप झाला (पडला) हीच पहिली खूण असते. सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर वितळलेला दिसला तरी फेकू नये, आतली हार्ड डिस्क पुष्कळदा वाचते. पोलीस आणि सर्वेक्षक या दोघांकडून लेखी परवानगी मिळेपर्यंत राख नि ढिगारा जिथे आहे तिथेच राहू द्यावा, आणि उचलावाच लागला तर खोलीनिहाय वेगळ्या गोण्यांत भरून, गोणीवर जागा लिहून, ताडपत्रीखाली आवारातच ठेवावा. यावर उत्तर ठरलेले असते: दोन गाड्यांचे पार्किंग अडते. अडू द्यावे.