सात रात्री, आठ दिवस आणि शटलमध्ये एकच माणूस

क्रूझला जायचं ठरलं की बाल्कनीवाली केबिन घ्यायची की साधी यावर घरात आठवडाभर भांडणं होतात, आणि गाडी कुठे ठेवायची हा विषय निघतो आदल्या रात्री, बॅगांच्या चेन ओढताना. आमच्या पहिल्या क्रूझला अगदी हेच झालं. सकाळी धावतपळत पोचलो, टर्मिनलसमोर जे पार्किंग दिसलं त्यात गाडी घुसवली, आठवडाभर मजा केली आणि परत निघताना बूथवरच्या स्क्रीनवर जो आकडा आला तो बघून सासरे मागच्या सीटवरून म्हणाले, "अगं, गाडीला पण केबिन घेतली होती की काय?"

तर या वेळी पार्किंगचं खातं माझ्याकडे. आम्ही पाच जण, मी, नवरा, मुलगी आणि सासू-सासरे, आणि बॅगा सात (का ते विचारू नका, सासूबाई हा ब्लॉग वाचतात).

आधी मला कळतच नव्हतं की बंदरावरचं पार्किंग एवढं महाग का. मग डोक्यात प्रकाश पडला. २०२४ मध्ये सुरू झालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' घ्या, एका केबिनमध्ये दोघं धरली तरी त्यावर ५,६०० च्या वर प्रवासी बसतात. असली जहाजं सकाळी रिकामी होतात आणि त्याच दुपारी परत भरतात. मॉलमध्ये एका जागेवर दिवसभरात दहा गाड्या येऊन जातात, इथे एकच गाडी आठवडाभर बूड टेकून बसते. धक्क्याजवळ जागा मुळात कमी, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही ही भीती प्रत्येकाच्या पोटात, त्यामुळे समोर दिसेल त्या दराला माणूस मान डोलावतो. आम्ही डोलावलीच होती.

पहिली मेख म्हणजे दिवस मोजणं. सात रात्रींची क्रूझ म्हणजे पार्किंगचे सात दिवस असं आपण धरतो, पण बऱ्याच बंदरांवर जायचा दिवस आणि यायचा दिवस दोन्ही पूर्ण लावतात, म्हणजे झाले आठ. याउलट बाहेरच्या काही पार्किंगवाल्यांकडे चोवीस तासांचा एक दिवस धरतात, तिथे सकाळी साडेअकराला गाडी आत घातली आणि पुढच्या आठवड्यात साडेअकराच्या आत बाहेर काढली की सातच दिवस लागतात. जहाज साधारण पहाटे-सकाळीच धक्क्याला लागतं त्यामुळे हे जमण्यासारखं असतं. बुकिंग करताना तारखेबरोबर वेळ विचारली की समजायचं हा तासांवर मोजणार, तरी फोन करून खात्री करून घ्यावी, मी केली.

दुसरी मेख आम्हाला जवळजवळ लागलीच होती. बाहेरच्या एका पार्किंगचा दर बंदराच्या बरोब्बर निम्मा दिसला आणि नवरा म्हणाला "कर बुक कर बुक", पण सासऱ्यांनी डायरी काढली. सोपं पडावं म्हणून बंदराचा रोजचा दर १०० धरा, आठ दिवसांचे ८००. बाहेर रोजचे ५०, सात दिवसांचे ३५०. इथपर्यंत छान. मग खाली बारीक अक्षरात, शटलचे, म्हणजे पार्किंगपासून टर्मिनलपर्यंत ने-आण करणाऱ्या गाडीचे, जाऊन-येऊन माणशी ४०, आम्ही पाच म्हणजे २००. वर टॅक्स आणि बुकिंग फी मिळून ७०. झाले ६२०! निम्म्या दराचं पार्किंग बघता बघता पाऊणपट झालं. दोघं जाणार असतील तर हे शटलचं ओझं जाणवत नाही, मोठ्या कुटुंबाला मात्र तेच बुडवतं. काही ठिकाणी ठराविक माणसांपर्यंत शटल फुकट असतं, ते आधी शोधावं.

हॉटेलचंही बघितलं. आदल्या रात्री राहा आणि आठवडाभर गाडी इथेच ठेवा, असं पॅकेज बरीच हॉटेलं देतात. त्यात मी एक केलं, त्याच तारखेला तीच खोली पार्किंगशिवाय केवढ्याला पडते ते काढलं. दोन्हीतला फरक म्हणजे पार्किंगची खरी किंमत, "फ्री" वगैरे काही नसतं. लांबून येणाऱ्यांना हे सोयीचं आहे, कारण रात्र कुठेतरी काढायचीच असते. आम्ही तीन तासांवर राहतो, आम्हाला उगाच एक रात्र विकत घ्यावी लागली असती. शिवाय फोनवर विचारलं तेव्हा कळलं की पार्किंग पॅकेजमध्ये आहे, बंदरापर्यंत सोडणं नाही.

(मैत्रिणीने सुचवलं होतं की सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ठेवून दे, कोण बघतंय. आठवड्याने येऊन गाडीऐवजी मोकळी जागा बघायची हौस असेल तर खुशाल ठेवा.)

शेवटी तोडगा निघाला तो सासूबाईंच्या एका वाक्यातून. "अरे पण आम्हाला कशाला फिरवताय त्या गाडीतून त्या गाडीत, आधी आम्हाला बोटीपाशी उतरवा ना." झालं! शटल माणशी आहे ना, मग माणसं कमी करायची. आम्हा चौघांना आणि सातही बॅगा टर्मिनलवर उतरवायच्या, नवऱ्याने एकट्याने गाडी लावून यायचं. शटलचे २०० चे झाले ४० आणि सगळं मिळून ४६०.

आता प्रत्यक्षात काय झालं. टर्मिनल कुठलं ते आधी बघून ठेवलं होतं, कारण साउथॅम्प्टनसारख्या बंदरात पाच-पाच क्रूझ टर्मिनल आहेत आणि चुकीच्या दारात सात बॅगा उतरवल्या की संपलंच. हमालाने बॅगांचे टॅग तपासले, ट्रॉलीवर चढवल्या आणि ट्रॉली गेली. नवरा गाडी घेऊन गेला. पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की सगळ्यांचे पासपोर्ट आणि बोर्डिंग पास माझ्या पर्समध्ये आहेत, त्याचेसुद्धा. आता हा परत आल्यावर त्याला आत कोण सोडणार? मग आम्ही चौघं दाराबाहेर उन्हात उभे, लोक भराभर आत चाललेत, मुलगी दर मिनिटाला "बाबा आले?" आणि बाबा आले पन्नास मिनिटांनी. शटल भरेपर्यंत निघत नाही म्हणे. एवढं झाल्यावर सांगते, गाडी लावणाऱ्याचे कागद त्याच्याच खिशात द्या.

त्याने एक काम मात्र चांगलं केलं होतं, गाडीचे चारही बाजूंनी फोटो, किलोमीटरचा आकडा आणि जिथे लावली त्या रांगेच्या खांबावरचा नंबर. किल्ली तिथेच ठेवा म्हणणारे पार्किंगवाले असतात, आम्ही मुद्दाम किल्ली आपल्याकडे राहील असंच घेतलं होतं, त्यासाठी थोडे जास्त गेले तरी चालले असते.

परतीची सकाळ हीच खरी परीक्षा. सगळं जहाज एकाच वेळी शटलच्या रांगेत येतं. म्हणून रिव्ह्यू वाचताना मी फक्त परत आलेल्या दिवसाबद्दल लिहिलेले वाचले होते, जातानाचा अनुभव सगळ्यांचाच गोड असतो. बॅगा आदल्या रात्री केबिनच्या दाराबाहेर न ठेवता स्वतः उचलून उतरलं तर लवकर सोडतात, पण सात बॅगा आणि सासऱ्यांचे गुडघे, ते शक्य नव्हतं. मग नवरा एकटा पाठीवर सॅक टाकून पहिल्या लोंढ्यात उतरला, आम्ही मागून बॅगा घेऊन आरामात.

बाहेर येऊन उभे राहिलो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. पिकअपच्या लेनमध्ये थांबू देत नाहीत, शिट्ट्या मारून गाड्या पुढे हाकलतात. मी फोन लावते तर लागत नाही, त्याचा मेसेज नाही, सासूबाईंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केलेली. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या फोनवर ते विमान का आहे?"

आठवडाभराचा एअरप्लेन मोड. बंद केला तर धाडधाड अकरा मेसेज. माणूस समोरून दोनदा चक्कर मारून गेला होता आणि आम्ही खांबाच्या मागे सावलीत उभे होतो.

गाडी आली तेव्हा काचेवर धुळीचा थर आणि टपावर पक्ष्यांनी आठवडाभर केलेली सेवा. बंदरावरच्या पार्किंगला निदान छप्पर होतं, हे नवऱ्याने लगेच ऐकवलं. सासरे पुढच्या सीटवर बसले, डायरी उघडली आणि ४६० खाली नवी ओळ लिहिली, "गाडी धुणे", आणि पुढचा आकडा विचारायला माझ्याकडे वळले.