खोटा देश, खरे हिशेब

स्नेहसंमेलनात आमच्या दहावीच्या तुकडीने केलेल्या एकांकिकेतला देश खोटा होता, राष्ट्राध्यक्षही खोटा. हिशेब मात्र खरेच हवेत, असा इतिहासाच्या बाईंचा आग्रह होता. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्या हिशेबांविषयीच लिहितो, कारण मुलं असं नाटक लिहायला बसली की नेमके तेच राहून जातात.

सांगाडा मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशाचा. हाकोबो आर्बेन्झ १९५१ साली राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा रेल्वे आणि पुएर्तो बारिओस बंदर केळ्यांचा व्यापार करणाऱ्या अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीच्या ताब्यात होतं. परक्या कंपनीची रेल्वे म्हणजे काय, हे ठाणेकराला समजावून सांगावं लागू नये. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून इथे आलेली पहिली गाडी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) या ब्रिटिश कंपनीची. तिच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी, आणि तूट भरायची ती इथल्या महसुलातून. आर्बेन्झनी रेल्वे हिसकावली नाही. तिच्या तोडीस तोड महामार्ग, नवं बंदर आणि वीजकेंद्र उभारायला घेतलं. हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय, आणि नाटकात नेमका तोच गाळला जातो, उरतात भाषणं.

मग १७ जून १९५२ चा जमीन कायदा, क्रमांक ९००. मोठ्या मळ्यांतली पडीक जमीन तेवढी घ्यायची. मोबदला ३ टक्के व्याजाच्या, २५ वर्षांच्या रोख्यांत. किंमत मालकाने करासाठी स्वतः लावलेली. कंपनीने कर वाचवायला ती कमी लावली होती. सरकारने ६,२७,५७२ डॉलर देऊ केले. उलट मागणी आली सुमारे १ कोटी ५८ लाखांची.

आमचा मुख्य प्रवेश एवढाच: एक टेबल, दोन वह्या, एक कारकून. तो कराच्या वहीतला आकडा वाचतो, थांबतो, मग मागणीचा वाचतो. गडकरी रंगायतनात चालणारा हळू आवाज शाळेच्या पटांगणात विरून जातो, म्हणून आकडा तोडून, सावकाश वाचायचा. घाई केली की प्रवेश पडतो. कंपनीच्या माणसाला चिरूट आणि गडगडाटी हसू दिलं तरी पडतो, कारण मग वहीकडे कुणी बघत नाही.

जून १९५४ मध्ये आर्बेन्झना पाडायला शेजारच्या होंडुरासमधून घुसलेली, अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने उभी केलेली फौज जेमतेम काही शेकड्यांची होती. विमानं आणि गुप्त रेडिओ यांनी ती मोठी भासवली. तेव्हा रंगमंचावर सैनिक आणूच नयेत. विंगेतला रेडिओ पुरतो, दर बातमीला आवाज थोडा चढवत न्यायचा. सेनाधिकाऱ्यांनी लढायला नकार दिला आणि २७ जूनला आर्बेन्झनी रेडिओवरून राजीनामा जाहीर केला. आमच्या राष्ट्राध्यक्षाचा राजीनामाही विंगेतूनच ऐकू आला; मंचावर दिवा फक्त त्या दोन उघड्या वह्यांवर होता.