फिलिप कोण?

वर्तमानपत्राच्या डेस्कवर रात्रपाळी करायचो तेव्हा इंग्रजी बातम्यांत एक शब्द हमखास भेटायचा. फिलिप. अर्थसंकल्पाच्या रात्री तर त्याचा नुसता सुळसुळाट. गृहबांधणीला फिलिप, निर्यातीला फिलिप, सूतगिरण्यांना फिलिप. आम्ही डोळे झाकून ‘चालना’ लिहायचो. एकदा नव्या पोराने भाबडेपणाने विचारलं, “सर, हा फिलिप कोण?” सगळा डेस्क हसला. मीही हसलो, पण मलाही तो कुठला कोण ते ठाऊक नव्हतं.

कोश काढला. फिलिप म्हणजे टिचकी! बोट अंगठ्याला अडवून फटकन सोडायचं, ती. शब्दही त्या आवाजावरूनच पडलेला. उत्तेजन वगैरे अर्थ मागाहून चिकटले.

मला एकदम चाळीतले अण्णा आठवले. गॅलरीत कॅरम मांडलेला, बोरिक पावडरीने कोपरं पांढरी झालेली. राणी भोकाच्या तोंडाशी, आणि मी घाबरून स्ट्रायकर बोटाने पुढे रेटतोय. अण्णा खेकसायचे, “ढकलतोस काय, गाढवा? टिचकी मार!” कॅरमचा नियमच तो. स्ट्रायकर मारायचा, ढकलायचा नाही. 15 ग्रॅमची ती चकती, बोट सुटलं की तिची ती जाते. बोट जागच्या जागी.

आपलं मराठी उत्तेजन सगळं पाठीवर. पाठ थोपटा, पाठबळ द्या, पाठिंबा जाहीर करा. सबंध पंजा लागतो, आणि एकदा ठेवलेला पंजा लोक सहसा उचलत नाहीत. (माझ्या मामांनी मला बँकेच्या परीक्षेसाठी दिलेलं ‘प्रोत्साहन’ चार वर्षं पुरलं.) टिचकीचं काम एका नखात.

शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’च्या दुसऱ्या भागात जाडा फॉल्स्टाफ म्हणतो, तसं केलं तर मला तीन माणसांनी उचलायच्या मोगरीने टिचकी मारा. हजारो कोटींचे फिलिप याच जातीचे असावेत.

पुढच्या अर्थसंकल्पाला मी हौसेने मथळा दिला, ‘गृहबांधणीला टिचकी’. मुख्य उपसंपादकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“थट्टा केल्यासारखं वाटतंय.”

आणि लाल पेनाने ‘चालना’ केलं.