डावीकडचा नट

एप्रिलच्या दुपारी भुसावळात भंगारच्या दुकानापुढे शहाण्या माणसाने थांबू नये. मी थांबलो. सावलीला थांबलो, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे लोखंडाच्या ढिगात बिडाचं एक धूड कलंडलेलं दिसलं आणि त्याच्या दोन्ही अंगांना दगडाची चाकं होती. बेंच ग्राइंडर, आठ इंची, जुन्या घडणीचा. दुकानदाराने तो काट्यावर चढवला तेव्हा मला बरं वाटलं, बिडाच्या भावात मिळतोय म्हणून. मग त्याने मोटारीवर बोट टेकवलं. "आत तांबं आहे, साहेब." अठराशे रुपये गेले.

बायकोने एकदाच विचारलं, "याचं करायचं काय?" विळीला धार लावायची, म्हणालो. विळी आमच्याकडे दिवाळीत करंज्या करताना नारळ खवायला निघते.

वडील रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. कामावरून आले की तासभर मोठ्याने बोलायचे. शेडमधला आवाज कानातून उतरायला तेवढा वेळ लागे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असायची, तेव्हा एकदा मला घेऊन गेले. लेथला हार, ड्रिलला हार, पान्यांवर हळदकुंकू. ग्राइंडरचा झेंडूचा हार त्यांनी काढून माझ्या गळ्यात घातला, खांद्याला धरून मला बाजूला सारलं आणि बटण दाबलं. "चालू करताना चाकासमोर उभं राहायचं नाही. फुटलं तर समोरच येतं." मग पोलादाचा तुकडा टेकवला. ठिणग्यांना पुढे फाटे फुटत होते, फुलबाजीसारखे. बिडाचा तुकडा टेकवला तर आखूड, लालसर, मरगळलेल्या ठिणग्या. बंद केल्यावरही ते चाक किती वेळ फिरत राहिलं! ते थांबल्यावर नट दाखवले. उजवीकडचा सरळ आट्यांचा, डावीकडचा उलट्या. दोन्ही सारखे असते तर चाकाच्या फिरण्याने एक आपोआप सुटला असता. "लक्षात ठेव, डावीकडचा उलटा." ठेवलं, म्हणालो. लक्ष हाराकडे होतं.

तर परवा मी त्याच डाव्या नटाला पाना लावला, पान्याला पाइप लावला, आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलेलं, आणि अर्धा तास घाम गाळून तो नट चांगला आवळला. मग आठवलं.

चाकं मात्र काढली. दगडाला भोकातून दोरीने टांगायचं आणि लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तेच. एक खणखणीत वाजला. दुसरा भद्द. आत तडा होता, वरून दिसत नव्हता. तो दगड फेकून द्यायला मला दोन दिवस लागले. फुटका माठ आपण झाडाखाली पाखरांसाठी ठेवतो, याचं काय करणार? बेअरिंगं बदलली. हिरव्या रंगाचे थर खरवडले तेव्हा पाटीवरचे आकडे वर आले: २८५० फेरे, ५० सायकल, ४४० व्होल्ट.

४४०. म्हणजे थ्री फेज. आमच्या घरी सिंगल.

वायरमनने उपाय सांगितला तो ग्राइंडरपेक्षा महाग होता. शेवटी धूड गाडीत घालून तापी ओलांडली आणि चोपडा तालुक्यातलं चुलतभावाचं, आप्पाचं, शेत गाठलं. काकूंनी ओट्यावरूनच विचारलं, "हाई काय लई उना भो?" पंपाची थ्री फेज लाइन त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीला होती. म्हणून रात्री बाराला, केळीच्या बागेत, मोबाइलच्या उजेडात, पंपाच्या तारा सोडवून आम्ही तिथे ग्राइंडर जोडला. चाकं न बसवता. हे एक शहाणपण सुचलं ते बरं, कारण पठ्ठ्या उलटा फिरला. चाकं असती तर दोन्ही नट सुटायच्या दिशेने निघाले असते. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली, सुलट झाला. मग एक जुना दगड, एक नवा, मध्ये कागदाच्या चकत्या, नट बेताने आवळले.

बटणाकडे हात नेताना आप्पा कुतूहलाने पुढे वाकला. मी त्याला खांद्याला धरून बाजूला सारलं, जरा जोरातच. "काय रे भो?" म्हणाला. काही नाही, म्हटलं.

ग्राइंडर तिकडेच राहिला. केळीची पिलं काढायचे विळे, वखराची पास, शेजारपाजारच्यांचे कोयते, सगळं आता रात्रीच्या लाइनीवर घासलं जातं. विळी न्यायची मी विसरलोच. आणि आप्पाने पहिला विळा पाणी न लावता इतका दाबून धरला की पातं निळं पडलं, धार गेली. फोन करून मलाच बोलला.