अँटिबायोटिक चालू असताना कॉफी: आधी स्ट्रिप उलटी करून बघा

थंडीत नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या मेडिकलमध्ये हा प्रश्न रोज येतो: "गोळ्या चालू आहेत, कॉफी चालेल का?" उत्तर स्ट्रिपच्या मागे असतं. ठळक ब्रँडखाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव छापलेलं असतं, ते वाचा.

तिथे अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन किंवा सेफिक्झिम असेल तर कॉफीचं त्याच्याशी भांडण नाही. जुलाब चालू असतील तर मात्र कॉफी पोट आणखी हलवते, तेवढं बघा.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन निघालं की गणित बदलतं. कॅफीन मोडून काढणारं यकृतातलं एन्झाइम हे औषध अडवून ठेवतं. एरवी कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सिप्रोवर जवळपास दुप्पट. दुपारी चारच्या कपात ८० मिलिग्रॅम कॅफीन असेल, तर रात्री दोनला एरवी २० उरलं असतं, आता ४० उरतं. त्यावर सकाळचा कप चढतो. धडधड, हाताला कंप, डोळ्याला डोळा न लागणं, आणि खापर फुटतं गोळीवर. नॉरफ्लॉक्सॅसिनचंही थोडंफार असंच. लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि ओफ्लॉक्सॅसिन याबाबतीत बरीच सभ्य.

पण आपली कॉफी दुधात उकळलेली असते, आणि खरा घोळ तिथे होतो. दुधातलं कॅल्शियम सिप्रोला पोटातच धरून ठेवतं आणि गोळीचा बराच भाग रक्तात पोचतच नाही. भरपेट जेवणातल्या चमचाभर दह्याने बिघडत नाही. नुसत्या दुधाच्या कपाबरोबर किंवा वाटीभर दह्याबरोबर गोळी घेऊ नका. जळजळीसाठीचं गुलाबी पातळ औषध दुधापेक्षा वाईट, कारण त्यात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं. लोह, झिंक, कॅल्शियमच्या गोळ्याही त्याच रांगेत. नियम असा: सिप्रो यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

म्हणजे गोळी सकाळी आठ आणि रात्री आठला असेल, तर मोकळी वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. दुधाची कॉफी त्यात एकदाच, छोटा कप. चारची कॉफी कोर्स संपेपर्यंत विसरा; झोपही वाचते.

डॉक्सिसायक्लिनला कॅफीनशी देणंघेणं नाही, पण दूध दोन तास लांबच ठेवा. कॅप्सूल गरम कॉफीबरोबर तर अजिबात गिळू नका: जिलेटिन मऊ होऊन अन्ननलिकेला चिकटतं आणि तिथे जखम होते. पेलाभर साधं पाणी, त्यानंतर अर्धा तास ताठ बसायचं. झोपायच्या तोंडावर घेऊ नका. मेट्रोनिडाझोलवर कॉफी चालते, फक्त तोंडात धातूची चव असल्याने ती बेचव लागते. वाइन मात्र नाही, कोर्स संपल्यावरही तीन दिवस. नाशकात हे वेगळं सांगावंच लागतं.

सर्दीच्या गोळीचीही स्ट्रिप उलटा. बऱ्याच गोळ्यांत ३० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं. कॉफी बंद करूनही धडधडत असेल तर ते इथून येत असू शकतं.

धडधडलं तर कॉफी थांबवा, कोर्स स्वतःहून तोडू नका. त्रास राहिला तर डॉक्टरांना फोन करा. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर सिप्रोची पहिली गोळी घेण्याआधीच त्यांना सांगा. तेही त्याच एन्झाइमवर मोडतं, आणि रक्तात साचलं तर फिट येऊ शकते.